शून्य आणि अंकांचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शून्य कोणी शोधलं, या प्रश्नाचं एका नावाचं उत्तर आपल्याला शाळेपासून पाठ असतं. खरी हकिगत त्याहून बरीच लांब आहे. त्यात अभिमान वाटावा असं पुष्कळ आहे, फक्त तो योग्य जागी वाटायला हवा. बॅबिलोन, इजिप्त, चीन, माया, इंका, भारत, अरब जग आणि युरोप इथल्या लोकांनी संख्या कशा मांडल्या, शून्याची गरज कोणाला केव्हा पडली आणि कोणाचं त्यावाचून काहीच अडलं नाही, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

शून्याचा शोध आर्यभटाने लावला, हे खरं आहे का?

असं म्हणायला आधार नाही. आर्यभटाचा जन्म इ. स. ४७६ चा आणि ‘आर्यभटीय’ हा ग्रंथ ४९९ चा. या ग्रंथात शून्याचं चिन्ह नाही आणि शून्याशी बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसा करायचा याचे नियमही नाहीत. मोठ्या संख्या श्लोकात बसवण्यासाठी त्याने अक्षरांची पद्धत वापरली: क म्हणजे १, ख म्हणजे २, असं करत म म्हणजे २५.

पण त्याच ग्रंथाच्या गणितपाद या गणितावरच्या भागात एक ओळ आहे: ‘स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्’. एका स्थानापेक्षा पुढचं स्थान दहापट. वर्गमूळ आणि घनमूळ काढायची त्याची रीतही संख्येतल्या स्थानांवरच चालते. म्हणजे दशमान स्थानपद्धती त्याला पूर्ण अवगत होती, आणि ती त्याच्या आधीपासून चालत आली होती. आर्यभटाला ज्याचं श्रेय द्यायचं ते वेगळं आहे. त्याने अर्धज्यांचं, म्हणजे आजच्या साइनचं, कोष्टक दिलं, पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मांडलं, आणि २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ येतो असं सांगताना त्याला ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, असा शब्द जोडला. हे आकडे पायचं मूल्य ३.१४१६ देतात. आपण दिलेलं मूल्य नेमकं नाही, हे त्याने स्वतःहून नोंदवलं, याचं मला फार मोल वाटतं.

मग आर्यभटाच्या आधी रावणाची दहा डोकी मोजली कशी?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा प्रश्न मुलं खरंच विचारतात, आणि तो चांगला प्रश्न आहे. मोजायला शून्य लागत नाही. दहा वस्तू मोजणं, त्यांना ‘दहा’ म्हणणं आणि ते लिहिताना १ पुढे ० काढणं ही तीन वेगळी कामं आहेत. यजुर्वेदात एक, दश, शत, सहस्र, अयुत असं चढत परार्धापर्यंत, म्हणजे १ वर १२ शून्यांइतक्या संख्येपर्यंत, नावं आली आहेत. ती सगळी तोंडी. रोमन माणूस दहासाठी फुलीसारखी एक खूण काढायचा. ब्राह्मी लिपीत दहासाठी एक स्वतंत्र चिन्ह होतं, वीससाठी दुसरं, शंभरासाठी तिसरं. दहा डोकी मोजायला यातलं काहीही पुरतं.

असे बिनशून्याचे अंक आपल्या भागात कुठे आहेत?

नाणेघाटात. जुन्नर आणि कोकण यांना जोडणारा हा जुना व्यापारी घाट. माथ्याजवळच्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे, साधारण इ. स. पूर्व पहिल्या शतकातला. त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, आणि प्रत्येकाची संख्या आकड्यांत. एवढ्या जुन्या काळातला आकड्यांचा इतका मोठा संच एका ठिकाणी क्वचितच सापडतो.

हे अंक वाचताना गंमत वाटते. शंभराचं एक चिन्ह आहे. त्याला चारचं चिन्ह जोडलं की चारशे होतात. हजाराच्या चिन्हाला चार जोडले की चार हजार. २४,४०० लिहायचे तर वीस हजारांचं जोडचिन्ह, मग चार हजारांचं, मग चारशेचं, अशी तीन चिन्हं शेजारी मांडायची. स्थानाला इथे काही काम नाही, त्यामुळे रिकाम्या स्थानाचाही प्रश्न येत नाही. शून्य नसणं हा या पद्धतीचा दोष नव्हे. देवनागरी, अरबी आणि युरोपीय अंक हे सगळे याच ब्राह्मी अंकांच्या वंशातले आहेत.

शून्य ‘शोधलं’ म्हणजे नेमकं काय शोधलं?

तीन गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की वाद सुरू होतात. पहिली, रिकामी जागा दाखवणारी खूण: २०५ मध्ये दशकाच्या घरात काही नाही हे कळायला तिथे काहीतरी लिहावं लागतं. दुसरी, शून्य ही स्वतः एक संख्या आहे, तिची बेरीज-वजाबाकी होते, ती समीकरणाचं उत्तर असू शकते, ही कल्पना. तिसरी, आज वापरतो ते गोल चिन्ह. पहिली गोष्ट जगात निदान तीन-चार ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली. दुसरी मात्र नियमांसह स्पष्ट मांडलेली आपल्याला भारतात दिसते.

बॅबिलोनचे लोक ६० च्या पटीत का मोजत?

६० ला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० या सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे वाटण्या सोप्या होतात, हे कारण बहुतेक जण देतात आणि ते पटण्यासारखं आहे. तासाची ६० मिनिटं आणि वर्तुळाचे ३६० अंश आपण अजून त्यांच्याकडूनच घेतलेले वापरतो.

त्यांची पद्धत स्थानांची होती. ओल्या मातीच्या फळीवर टोकदार काडीने फक्त दोन खुणा उमटवायच्या, एक एकाची आणि एक दहाची. त्यांतून १ ते ५९ लिहायचे आणि पुढे स्थान बदलायचं. अडचण अशी, की १ आणि ६० दिसायला सारखेच, संदर्भावरून ओळखायचं. मधलं स्थान रिकामं असेल तर नुसती जागा सोडत. पुढे इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास त्या जागी दोन तिरक्या खुणा घालायला सुरुवात झाली. शून्याची ही जगातली फार जुनी खूण. पण ती मध्येच येई, शेवटी लिहायची पद्धत नव्हती, आणि तिच्याशी कोणी बेरीज-वजाबाकी केलेली नाही.

येल विद्यापीठात तळहातावर मावेल एवढी मातीची एक फळी आहे, इ. स. पूर्व १८०० ते १६०० च्या दरम्यानची. तिच्यावर चौरस आणि त्याचे कर्ण काढले आहेत. बाजूवर ३० लिहिलंय, कर्णावर १, २४, ५१, १०. साठच्या अपूर्णांकांत हे वाचलं की १.४१४२१३ येतात, म्हणजे २ चं वर्गमूळ, दशांशाच्या पाच घरांपर्यंत अचूक. खाली ४२, २५, ३५ हा गुणाकारही आहे: त्या चौरसाच्या कर्णाची लांबी. शून्यावाचून गणित अडतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ही फळी जरूर पाहावी.

इजिप्त, ग्रीस आणि रोम शून्याशिवाय हिशेब कसा करत?

छान करत. इजिप्तचे लेखनिक गुणाकार दुप्पट करत करत सोडवत. १३ गुणिले २४ हवे असतील तर २४, ४८, ९६, १९२ अशी १, २, ४, ८ पट काढायची. १३ म्हणजे १ + ४ + ८, म्हणून २४ + ९६ + १९२ = ३१२. पाढे पाठ नसले तरी चालतं. इ. स. पूर्व १५५० च्या आसपास आहमोस नावाच्या लेखनिकाने आणखी जुन्या ग्रंथावरून उतरवून काढलेला एक पपायरस लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे; त्यात भाकरींच्या वाटण्या, धान्याच्या कोठारांचं माप अशी उदाहरणं याच रीतीने सोडवली आहेत.

ग्रीक लोक वर्णमालेची अक्षरंच अंक म्हणून वापरत. खगोलशास्त्रासाठी मात्र त्यांनी बॅबिलोनची साठची पद्धत उचलली. इ. स. १५० च्या सुमाराचा टॉलेमी आपल्या कोष्टकांत रिकाम्या जागी छोटं वर्तुळासारखं चिन्ह वापरतो. रोमन लोकांचं प्रत्यक्ष आकडेमोडीचं काम मण्यांच्या किंवा खड्यांच्या पाटीवर होई. रोमन अंक फक्त उत्तर नोंदवण्यासाठी.

चीनमध्ये काय होतं?

चीनची गोष्ट आपल्याकडे फारच कमी सांगितली जाते. तिथले लोक बांबूच्या छोट्या काड्या पाटावर मांडून हिशेब करत. एका स्थानात काड्या उभ्या, पुढच्यात आडव्या, म्हणजे स्थानांची सरमिसळ होत नसे; रिकामं स्थान म्हणजे पाटावरची रिकामी जागा. ही शुद्ध दशमान स्थानपद्धतीच होती, फक्त लिहिण्याऐवजी मांडण्याची.

‘गणिताचे नऊ अध्याय’ या प्राचीन ग्रंथाच्या आठव्या अध्यायात असं उदाहरण येतं: उत्तम पिकाच्या ३ पेंढ्या, मध्यम पिकाच्या २ आणि हलक्या पिकाची १ मिळून ३९ मापं धान्य निघतं, २, ३ आणि १ मिळून ३४, १, २ आणि ३ मिळून २६. तर एकेका पेंढीत किती? काड्या रकान्यांत मांडून एक रकाना दुसऱ्यातून वजा करत जायचं, की उत्तर मिळतं: सव्वानऊ, सव्वाचार आणि पावणेतीन. आज महाविद्यालयात मॅट्रिक्सने हीच रीत शिकवतात. वजा करताना ऋण संख्या येणारच, म्हणून धन आणि ऋण यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम तिथे दिले आहेत. इ. स. २६३ मध्ये या ग्रंथावर भाष्य करणारा लिऊ हुई सांगतो, की धन संख्येसाठी लाल काड्या आणि ऋणासाठी काळ्या घ्याव्यात.

म्हणजे ऋण संख्या वापरण्यात चीन भारताच्या काही शतकं पुढे होता. आपल्याकडे हे मान्य करताना काही जण कचरतात. कचरण्याचं काहीच कारण नाही. शून्याला संख्या मानून त्याचे गुणाकार-भागाकार मांडायचं काम मात्र त्यांनी केलेलं नाही. गोल शून्याचं चिन्ह चिनी ग्रंथात प्रथम दिसतं ते १२४७ मध्ये, छिन जिउशाओ याच्या पुस्तकात.

माया लोकांचं शून्य आणि २०१२ ची ‘जगबुडी’ यांचा संबंध आहे का?

आहे. मध्य अमेरिकेतले माया लोक वीसच्या पटीत मोजत. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे शून्य. आशिया, आफ्रिका, युरोप या जुन्या जगाशी त्यांचा काहीही संपर्क नसताना ही कल्पना त्यांना सुचली. दिवसांची मोजदाद करताना मात्र त्यांनी तिसऱ्या स्थानाची किंमत २० × २० ऐवजी २० × १८, म्हणजे ३६० ठेवली, कारण ते वर्षाच्या जवळ जातं.

त्यांच्या दीर्घ कालगणनेची सुरुवात इ. स. पूर्व ३११४ च्या ऑगस्टमध्ये येते. तिथून १८,७२,००० दिवस मोजले की सगळ्यांत मोठ्या स्थानात १३ आणि बाकी चारही स्थानांत शून्यं येतात. तो दिवस २१ डिसेंबर २०१२. गाडीच्या मीटरवर आकडे फिरून शून्यं यावीत तसा तो प्रकार होता. जग बुडेल असं माया लोकांनी कुठेही लिहिलेलं नाही.

त्यांच्या गणिताबद्दल याहून अधिक का कळत नाही, याचं उत्तर वाईट आहे. १५६२ मध्ये दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने मानी या गावी माया पोथ्या जाळल्या. आज मोजून चार पोथ्या उरल्या आहेत.

लिपी नसलेल्या लोकांना स्थानपद्धती जमते का?

पेरूच्या इंका साम्राज्याला जमली होती. एका जाड दोरीला अनेक दोऱ्या लोंबत्या बांधायच्या आणि प्रत्येकीवर गाठी मारायच्या. याला किपू म्हणतात. दोरीच्या वरच्या भागात शतकाच्या गाठी, मध्ये दशकाच्या, तळाशी एककाच्या. एककाची गाठ वेगळ्या प्रकारची, म्हणजे संख्या कुठे संपली हे बोटांनी चाचपूनही कळतं. एखाद्या स्थानात गाठ नसणं हेच त्यांचं शून्य. या गाठींमधली दशमान रचना लेलँड लॉक याने १९१२ मध्ये उलगडून दाखवली.

लिहिलेलं सर्वांत जुनं शून्य कोणतं?

आज आपण जी पद्धत वापरतो तिच्यातलं, दगडावरचं आणि तारखेसह असलेलं विचाराल, तर कंबोडियात मेकाँग नदीकाठच्या सांबोर इथल्या शिलालेखातलं. जुन्या ख्मेर भाषेतल्या त्या लेखात शके ६०५ असं लिहिलंय, आणि मधलं शून्य म्हणजे एक ठळक टिंब आहे. शके ६०५ म्हणजे इ. स. ६८३. आपल्या पंचांगात अजून छापला जातो तोच हा शक. भारतीय कालगणना आणि भारतीय अंक दोन्ही समुद्रापार एकत्र गेले होते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

भारतातलं शंकेपलीकडचं जुनं शून्य ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात आहे, इ. स. ८७६ चं. देवाच्या बागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली आणि रोज ५० माळा द्यायच्या, असा तो मजकूर. २७० आणि ५० मधली शून्यं छोटी, गोल, आजच्यासारखीच.

बख्शाली हस्तलिखिताबद्दल नेहमी विचारलं जातं. १८८१ मध्ये पेशावरजवळ बख्शाली गावात जमिनीखाली सापडलेली ही भूर्जपत्रांची ७० पानं ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. त्यांत शून्यासाठी टिंब भरपूर वापरलंय. २०१७ मध्ये तीन पानांची कार्बन चाचणी झाली आणि तीन वेगळे काळ आले: २२४ ते ३८३, ६८० ते ७७९ आणि ८८५ ते ९९३. वर्तमानपत्रांनी पहिला आकडा उचलला. पण अक्षर सगळीकडे सारखं आहे, मजकूर पानांमधून सलग चालतो, तेव्हा पोथी सर्वांत नव्या पानाच्या आधी लिहिली गेली असणार नाही, असा काही अभ्यासकांचा आक्षेप आहे आणि मला तो बिनतोड वाटतो.

भूर्जपत्र आणि ताडपत्र आपल्या हवेत कुजतात. बॅबिलोनची माती आणि कंबोडियातला दगड टिकतो. म्हणून ‘सर्वांत जुनं सापडलेलं’ आणि ‘सर्वांत जुनं’ यांत भारताच्या बाबतीत मोठं अंतर असू शकतं. ४५८ सालच्या ‘लोकविभाग’ या जैन ग्रंथात मोठ्या संख्या शब्दांनी, पण स्थानक्रमाने सांगितल्या आहेत आणि त्यांत शून्यासाठीही शब्द आहे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात तर एक सुंदर दाखला येतो: एकच रेघ शतस्थानी शंभर, दशस्थानी दहा आणि एकस्थानी एक, जशी एकच स्त्री आई, मुलगी आणि बहीण म्हटली जाते. तत्त्वज्ञान समजावायला स्थानपद्धतीचा दाखला द्यावा, म्हणजे ती किती रुळलेली असेल!

मग भारताचं खास योगदान कोणतं?

ब्रह्मगुप्त. हे नाव आपल्या मुलांना आर्यभटाइतकंच माहीत असायला हवं, आणि ते नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. राजस्थानातल्या भिनमाळला, त्या काळच्या भिल्लमालला, वयाच्या तिशीत त्याने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला, इ. स. ६२८ मध्ये. त्याच्या अठराव्या अध्यायात ‘धनयोर्धनम् ऋणम् ऋणयोः’ असं सुरू होऊन एकामागून एक नियम येतात. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची ऋण. सारख्या धन आणि ऋणाची बेरीज शून्य. ऋण आणि शून्य मिळून ऋण, धन आणि शून्य मिळून धन, शून्य आणि शून्य मिळून शून्य. शून्यातून ऋण वजा केलं तर धन. ऋण गुणिले ऋण धन. शून्याने कशालाही गुणलं तर शून्य.

सातवीतल्या मुलाला हे सोपं वाटेल, आणि यातच त्याचं यश आहे. तोवर शून्य ही रिकाम्या घराची खूण होती. इथे ते धन आणि ऋण यांच्या पंगतीला बसलं आणि त्यालाही तेच कायदे लागू झाले. धन म्हणजे जवळची मत्ता, ऋण म्हणजे कर्ज, हे शब्द व्यवहारातून आलेले. कर्ज फिटलं आणि हाती काही उरलं नाही, ही स्थितीसुद्धा एक संख्याच आहे, असं म्हणायला धाडस लागतं.

शून्याने भागलं तर काय, हे त्यांना माहीत होतं का?

त्यांनी प्रयत्न केले आणि ते वाचण्यासारखे आहेत. ब्रह्मगुप्त म्हणतो, शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य; इतर संख्येला शून्याने भागलं तर छेदात शून्य असलेला अपूर्णांक तसाच ठेवावा. साधारण ८५० मध्ये महावीराचार्य म्हणतो, शून्याने भागल्यावर संख्या बदलत नाही. हे चूक आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्य अशा राशीला ‘खहर’ म्हणतो आणि सांगतो, की तिच्यात कितीही मिळवा किंवा काढा, ती बदलत नाही. प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी जीव येवोत-जावोत, अनंत अच्युतात जसा फरक पडत नाही, तसं.

आजचं गणित म्हणतं, असा भागाकार करूच नये. ५ ला ० ने भागून जे येईल त्याला ० ने गुणल्यावर ५ परत मिळायला हवेत, आणि शून्याने गुणून तर शून्यच मिळतं. पाचशे वर्षं तीन मोठी माणसं एका प्रश्नाशी झुंजत राहिली, यावरून प्रश्न किती खोल होता ते कळतं.

भास्कराचार्य महाराष्ट्रातले का?

ते स्वतः सांगतात, की आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड. हे गाव नेमकं कोणतं यावर विद्वानांत एकमत नाही. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४, ‘लीलावती’ ज्याचा भाग आहे तो ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा. पण त्यांच्या घराण्याचा भक्कम पुरावा खानदेशात आहे. चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शोधून १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. लेख संस्कृतात आहे, शेवटचा दानाचा भाग मात्र जुन्या मराठीत: पाटणच्या बाजारातून मठाला काय मिळावं याचा तपशील. गणिताच्या अभ्यासाचा खर्च बाजारातल्या उलाढालीवर चालावा अशी सोय सुमारे आठशे वर्षांपूर्वी खानदेशात केलेली होती, आणि ती मराठीत लिहून ठेवली होती.

अंक भारतीय, तर जग त्यांना ‘अरबी’ का म्हणतं? आपलं श्रेय चोरलं का?

नाही, चोरलं नाही. इ. स. ६६२ मध्ये सेव्हेरस सेबोख्त हा सिरियातला बिशप हिंदूंच्या नऊ अंकांच्या गणनपद्धतीची तोंड भरून स्तुती करतो. पुढे बगदादच्या खलिफांच्या दरबारी भारतीय सिद्धान्तग्रंथ पोहोचले. ८२५ च्या सुमारास अल्-ख्वारिझ्मी याने भारतीय आकडेमोडीवर एक पुस्तक लिहिलं. मूळ अरबी प्रत हरवली, लॅटिन भाषांतर उरलं. त्यात तो ही पद्धत हिंदूंची असल्याचं स्पष्ट सांगतो. अल्जिरियाच्या बुजिया बंदरात लहानपणी ही पद्धत शिकलेला इटलीचा फिबोनाची १२०२ मध्ये लिहितो, की भारतीयांचे नऊ अंक हे असे आहेत, आणि ० या चिन्हासह कोणतीही संख्या लिहिता येते. युरोपला ही विद्या अरबांकडून मिळाली म्हणून लोकांनी अंकांना अरबी म्हटलं. आणि अरबांनी निव्वळ हमाली केली असंही नाही. पाटीवर पुसत पुसत करायच्या रीती त्यांनी शाई-कागदावर बसवल्या, बीजगणिताचं वेगळं शास्त्र उभं केलं.

इतकी सोयीची पद्धत युरोपने लगेच का स्वीकारली नाही?

१२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबवहीत हे अंक लिहायला सभासदांना बंदी केली. रक्कम अक्षरी लिहायची. कारण म्हणून फसवणुकीची भीती सांगतात: ० चा ६ किंवा ९ सहज करता येतो, शेवटी एखादं शून्य वाढवता येतं. ही भीती खोटी नव्हती. आपण चेकवर आजही ‘अक्षरी रुपये’ लिहून शेवटी ‘फक्त’ घालतो ते त्याचसाठी.

दशांश अपूर्णांकही भारतातूनच गेले का?

नाही. पूर्णांकांसाठी दशमान पद्धत इतकी पक्की असूनही आपल्याकडे अपूर्णांक पाव, अर्धा, पाऊण, सवा, दीड यांतच राहिले. आजी-आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ केली ती यासाठीच, आणि तोंडी हिशेबाला तिच्यासारखी सोय नव्हती. दशांश अपूर्णांक दमास्कसच्या अल्-उक्लिदिसीकडे ९५२ मध्ये दिसतात, समरकंदच्या अल्-काशीने पंधराव्या शतकात ते पद्धतशीर मांडले, युरोपात १५८५ मध्ये सायमन स्टेविनच्या पुस्तिकेने ते पसरले. भारताचा रुपया सोळा आण्यांचा होता. १०० पैशांचा झाला तो १ एप्रिल १९५७ ला.

‘वैदिक गणित’ या इतिहासात कुठे बसतं?

बसत नाही. त्या नावाने शिकवल्या जाणाऱ्या सोळा सूत्रांचं पुस्तक स्वामी भारती कृष्ण तीर्थ यांचं, त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये छापलेलं. ती सूत्रं उपलब्ध वेदवाङ्मयात कुठेही सापडत नाहीत. झटपट गुणाकाराच्या युक्त्या म्हणून त्या शिकायला हरकत नाही. पण वैदिक काळातलं खरं गणित हवं असेल तर यज्ञवेदी रचण्यासाठी लिहिलेली शुल्बसूत्रं वाचा. बौधायन तिथे सांगतो, की आयताच्या कर्णाची दोरी जेवढं क्षेत्र निर्माण करते, तेवढंच लांबी आणि रुंदी वेगवेगळं निर्माण करून एकत्र होतं. पायथागोरसच्या नावाने शिकतो तो हाच नियम, दोरी आणि खुंट्यांच्या भाषेत. २ च्या वर्गमूळासाठी तिथे १ + १/३ + १/१२ − १/४०८ असं मूल्य येतं, म्हणजे १.४१४२१५. खरी वारसा-वस्तू इतकी देखणी असताना तिच्या नावावर दुसरं काही खपवणं मला पटत नाही.

हे प्रत्यक्ष पाहायचं तर कुठे जावं?

नाणेघाट सर्वांत जवळचा. जुन्नरकडून गाडी माथ्यापर्यंत जाते. मुरबाडच्या बाजूने वैशाखरे गावाजवळून चढून गेलात तर व्यापाऱ्यांची मूळ वाट पायाखाली येते. पावसाळ्यात गर्दी आणि धुकं फार, तेव्हा हिवाळ्यात सकाळी जा. लेण्यातला दगड बराच झिजला आहे, म्हणून निघण्यापूर्वी शिलालेखाच्या ठशाचं एखादं चांगलं छायाचित्र जवळ ठेवा आणि त्यावरून भिंतीवर अंक शोधा. अक्षरांवर खडू फिरवू नका, हातही लावू नका. ग्वाल्हेरला गेलात तर किल्ल्याच्या चढणीवरचं छोटं चतुर्भुज मंदिर चुकवू नका. मोठ्या देवळांच्या गडबडीत लोक ते न पाहताच पुढे जातात.